मतदान, न्यायालये आणि मधली साडेतीन वर्षे

१५ जानेवारी २०२६ रोजी मिरा-भाईंदरच्या नागरिकांनी आपल्या महानगरपालिकेसाठी मतदान केले. त्याआधीचे मतदान २० ऑगस्ट २०१७ रोजी झाले होते. पाच वर्षांची मुदत असलेल्या संस्थेच्या दोन निवडणुकांमध्ये आठ वर्षे आणि जवळजवळ पाच महिने उलटले. २०१७ साली दहावीच्या वर्गात बसलेली मुलगी पदवी घेऊन, नोकरीला लागून, वयाच्या चोविशीत पहिल्यांदा नगरसेवक निवडण्यासाठी रांगेत उभी राहिली. ज्या शहराचा कर आपण भरतो त्या शहराच्या कारभारात आपले मत विचारले जाते, हा अनुभव तिला तोवर एकदाही आला नव्हता.

या निवडणुकीच्या आगेमागे एक जुना वाद नव्याने ऐकू आला. एकीकडे उदारमतवादी मंडळी होती. त्यांचे म्हणणे सरळ होते : घरी बसू नका, मतदान करा, कारभार बदलण्याचा तोच एक सभ्य मार्ग आहे. दुसरीकडे डाव्या विचारांचे कार्यकर्ते होते. त्यांचा प्रश्न असा होता की, निवडणूक कधी घ्यायची हे सरकार आणि न्यायालय ठरवणार, निवडून दिलेल्यांनी पक्ष सोडला तर त्याचा निवाडाही तेच करणार, मग मतदाराने पाच वर्षांतून एकदा बटण दाबून काय साधायचे? दोन्ही बाजूंना लोकशाहीची चाड आहे. म्हणूनच हा वाद हसण्यावारी न नेता नीट समजून घेतला पाहिजे.

निवडणूक लांबली कशी?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. नगरपालिका व महानगरपालिका यांची मुदत पाच वर्षे राहील, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे तिने घटनेत स्पष्ट लिहिले. २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले होते. अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास निवडणूक पुढे ढकलता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

महाराष्ट्रात मात्र पुढीलप्रमाणे घडले. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत निकाल दिला. असे आरक्षण देण्यापूर्वी स्वतंत्र आयोग नेमावा, त्याने प्रत्येक संस्थेनिहाय माहिती गोळा करून प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी तिहेरी अट होती. ही अट २०१० च्या घटनापीठाच्या निकालातच घातलेली होती. अकरा वर्षांत ती पूर्ण करण्याची तसदी कोणत्याही सरकारने घेतली नव्हती. त्यामुळे आरक्षणाविना निवडणूक घ्यायची की माहिती येईपर्यंत थांबायचे, असा पेच उभा राहिला. राज्य सरकारने थांबण्याचा पर्याय निवडला. २०२२ च्या मार्च महिन्यात प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा कायदा झाला आणि त्याला विधिमंडळात सर्व पक्षांनी साथ दिली.

४ मे २०२२ रोजी न्यायालयाने निवडणुकीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि २० जुलै रोजी तो मान्य करून न्यायालयाने पुन्हा निवडणुका जाहीर करण्यास सांगितले. तोवर राज्यात सत्तांतर झाले होते. नव्या सरकारने आधीच्या सरकारची प्रभागरचना रद्द करून २०१७ ची सदस्यसंख्या परत आणली. तो निर्णयही न्यायालयात गेला आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’ राखण्याचा आदेश झाला. मिरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

त्यानंतर पावणेतीन वर्षे तारखांवर तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे फर्मान काढले आणि आरक्षणाची स्थिती बांठिया अहवालापूर्वी होती तीच धरावी असे सांगितले. १६ सप्टेंबर रोजी मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून देण्यात आली. सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की, ज्या प्रश्नासाठी निवडणुका अडल्या होत्या तो प्रश्न जवळजवळ जिथे सुरू झाला तिथेच ठेवून अखेर त्या घेण्यात आल्या. मधला काळ मात्र नागरिकांच्या खात्यातून वजा झाला. खाडीपलीकडे वसई-विरारच्या नगरसेवकांची मुदत तर २०२० सालीच संपली होती. तिथल्या मतदारांना साडेपाच वर्षे वाट पाहावी लागली.

प्रशासकांच्या राज्यात

निवडणूक नसली म्हणून कारभार थांबत नाही. महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे येतात. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात आणि लोकनियुक्त सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. या साडेतीन वर्षांत प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. अंदाजपत्रके झाली, निविदा निघाल्या, कराचे निर्णय झाले. यात कोणी गैरव्यवहार केला असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी त्याला जाब विचारण्यासाठी नागरिकाला दार उरत नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

उत्तन-डोंगरी परिसराला याची विशेष झळ बसली. मेट्रो-९ ची कारशेड प्रथम राई-मुर्धा-मोर्वा येथे होणार होती. तिथल्या ग्रामस्थांनी घरे आणि शेती जाण्याच्या भीतीने विरोध केला आणि कारशेड डोंगरीच्या डोंगराकडे सरकली. आता डोंगरावरील हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात आयुक्तांबरोबर नगरसेवकही असतात. झाडे तोडण्याच्या नोटिसा निघत होत्या तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता. हरकती लिहून देणारे ग्रामस्थ होते; त्या हरकती सभागृहात उभे राहून मांडणारा कोणी नव्हता.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा येऊन पडतो, त्याला आगी लागतात, धूर गावांत उतरतो. हा प्रश्न नगरसेवक असतानाही सुटला नव्हता. मोठ्या वस्तीच्या शहरात कोळीवाड्यांची आणि गावठाणांची मते मोजकी असतात. ९५ सदस्यांच्या सभागृहात त्यांचे दोन-तीन प्रतिनिधी असून भागत नाही. म्हणजे डाव्यांच्या शंकेचे मूळ निवडणूक न होण्यात जसे आहे, तसेच निवडणूक होऊनही काही न बदलण्यात आहे.

डाव्यांची तक्रार

ही तक्रार तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले वसईचे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिम पट्ट्यातील गावांनी, ज्यांत ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावे बरीच होती, महापालिकेत जाण्यास कडवा विरोध केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून निवडून आले. मतदारांनी आपले म्हणणे याहून स्पष्ट कसे सांगावे? २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णयही घेतला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि गावे एका दशकाहून अधिक काळ महापालिकेतच राहिली. आंदोलन झाले, मतदान झाले, शासननिर्णय झाला; आणि एका स्थगितीने सारे गोठले.

दुसरे उदाहरण राज्याच्या सत्तेचे. २०१९ साली मतदारांनी विधानसभा निवडली. २०२२ च्या जून महिन्यात सत्ताधारी पक्ष फुटला आणि २९ जून रोजी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितले की, राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी बोलावणे योग्य नव्हते आणि अध्यक्षांनी नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती. तरीही मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपविण्यात आला. त्यांनी १० जानेवारी २०२४ रोजी कोणालाच अपात्र ठरविले नाही. त्याविरुद्धचे अर्ज न्यायालयात असतानाच विधानसभेची मुदत संपली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूक झाली. चूक झाली हे न्यायालयाने मान्य केले, परंतु मतदाराच्या हातात काहीच पडले नाही.

तिसरे निवडणूक रोख्यांचे. जानेवारी २०१८ मध्ये आलेली ही योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. अर्जदारांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षही होता. निकाल उत्तम होता. पण त्यापूर्वी २०१९ ची लोकसभा निवडणूक आणि अनेक राज्यांच्या निवडणुका त्याच गुप्त देणग्यांच्या सावलीत होऊन गेल्या होत्या. हंगाम संपल्यावर विहिरीला पाणी लागावे, तशी ही गत झाली.

‘मतदान करा म्हणजे झाले’ असे कोणी म्हटले की डावा कार्यकर्ता चिडतो तो या अनुभवांमुळे. त्यात भर म्हणून २०२६ च्या महापालिका निवडणुकांत कल्याण-डोंबिवलीसह काही शहरांत कितीतरी उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदारांना रांगेत उभे राहण्याचाही प्रसंग आला नाही. शिवाय चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार मते देतो. पुढे गटार तुंबले की चौघांपैकी कोणाला धरावे हे त्याला कळत नाही.

अशी अस्वस्थता आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मताधिकार कायद्यातील एक महत्त्वाचा बंध सैल केला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी मतदानाचे नियम बदलले. तेथील डाव्यांनीही हेच विचारले : मतदानाचे नियमच न्यायालय बदलू देत असेल, तर ‘अधिक जोमाने मतदान करा’ हा उपदेश पुरेसा कसा?

उदारमतवाद्यांचे उत्तर

परंतु दुसऱ्या बाजूजवळही भक्कम उत्तर आहे. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असा निकाल दिला की, स्थानबद्ध नागरिकाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या दिवशी न्यायालयाचे दार बंद झाले. पुढच्या मार्च महिन्यात ते मतदाराने उघडले. १९७७ च्या निवडणुकीत सरकार गेले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहील अशी तरतूद केली. न्यायालय चुकले तेव्हा मताने दुरुस्ती केली, हे या देशाच्या इतिहासात लिहिलेले आहे.

दुसरा मुद्दा साधा पण खोल आहे. मत निरुपयोगी असते तर ते लांबणीवर टाकण्यासाठी कोणी एवढा खटाटोप केला असता का? प्रभागांच्या सीमा, सदस्यांची संख्या, मतदारयाद्या यांवर सरकारे आलटून पालटून हात फिरवतात, कारण त्यांना मताची किंमत ठाऊक असते. ती किंमत कधी कधी मतदारच विसरतो. २०१७ साली मिरा-भाईंदरमध्ये निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले होते. पुढे निवडणूक साडेतीन वर्षे लांबली तेव्हा रस्त्यावर त्याचा फारसा आवाज उठला नाही, यात नवल ते काय?

इथेच उदारमतवाद्यांची उणीवही दिसते. मतदानाच्या दिवशी ते आवर्जून आवाहन करतात. मतदान होतच नाही अशा काळात काय करावे, याचे उत्तर त्यांच्याजवळ ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढेच होते. घटनेचा स्पष्ट शब्द मोडला जात असताना सुशिक्षित शहरे वर्तमानपत्रात तारखा वाचत बसली.

मत आणि चळवळ

हा वाद सोडविण्यासाठी दूर जावे लागत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातच उत्तर आहे. १९४५ साली तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा सुरू झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कम्युनिस्ट दांपत्याने त्यांना साथ दिली. त्या वेळी त्या गरीब आदिवासींना मताचा अधिकार नव्हता; प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९५१-५२ साल उजाडावे लागले. वेठ आणि लग्नगडी यांच्या बेड्या त्यांनी मताविना तोडल्या. डावे कार्यकर्ते या इतिहासाचा अभिमानाने दाखला देतात आणि तो रास्त आहे. पण मताचा अधिकार मिळाल्यावर त्याच भागातील लोकांनी तो टाकून दिला नाही. डहाणूतून लाल बावट्याचा आमदार विधानसभेत २०१९ आणि २०२४ सालीही गेला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर शंभराहून अधिक माणसे मारली गेली. तरीही निर्णायक धक्का दिला तो १९५७ च्या निवडणुकीत समितीला मिळालेल्या मतांनी. रक्त सांडले नसते तर मते एकवटली नसती. मते एकवटली नसती तर १ मे १९६० इतक्या लवकर आला नसता.

रायगडचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील शेतजमिनी घेण्याचे ठरले तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन उभे केले. त्याच्या रेट्याने २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. जमीन द्यायची की नाही, हाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. विरोध प्रचंड होता. सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. पण पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला. लक्षात घ्यावे की, इथे मतदान हवे होते ते डाव्यांना. माणूस निवडण्याबरोबरच मुद्द्यावरही कौल घ्या, एवढीच त्यांची मागणी होती.

न्यायालयाचेही तसेच आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून हटविण्याचा आदेश दिला. देशभर आदिवासी संघटनांनी आवाज उठविला, लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, केंद्र सरकार धावत न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आपला आदेश स्थगित केला. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी वनहक्कासाठी पायी चालत आले होते. संघटना, मत आणि न्यायालय ही तिन्ही तिथे एकमेकांना जोडलेली होती. वसईच्या २९ गावांचे दुर्दैव असे की, खटला लांबत गेला तसा पहिल्या दोन वर्षांतील जोर ओसरत गेला.

आता काय?

मिरा-भाईंदरला नवे सभागृह मिळाले आहे. २०१७ प्रमाणे २०२६ मध्येही भारतीय जनता पक्षाला स्पष्ट बहुमत आहे. कोण जिंकले यापेक्षा मतदार पुढील पाच वर्षे काय करतो, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. त्यासाठी काही साधने आपल्या हातात आहेत. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, असे घटनाच सांगते. राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरातील मतदारांची सभा. ती प्रत्यक्षात क्वचितच भरते, कारण मागणारेच थोडे आहेत. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा येथील ग्रामस्थांनी क्षेत्रसभेची लेखी मागणी केली आणि कचराभूमी व कारशेड हे विषय तिच्यासमोर ठेवले, तर एन. डी. पाटलांच्या मार्गावरचे ते एक पाऊल ठरेल. मतदारयादी दरवर्षी तपासणे, प्रभागरचनेच्या मसुद्यावर मुदतीत हरकत नोंदविणे ही कामे कंटाळवाणी आहेत. पण निवडणुकीचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

आणखी एका गोष्टीकडे आताच लक्ष दिले पाहिजे. या सभागृहाची मुदत २०३१ च्या आरंभी संपेल. प्रभाग अजूनही २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. तेव्हा शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आल्यावर प्रभागांच्या सीमा पुन्हा आखाव्या लागतील, सदस्यसंख्या बदलेल, आरक्षणाचे प्रमाण पुन्हा मोजावे लागेल. ५० टक्क्यांच्या मर्यादेवरचा वादही न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम निकालाच्या अधीन ठेवूनच निवडणुकांना वाट करून दिली होती. म्हणजे २०२१-२२ साली ज्या ज्या कारणांनी निवडणूक अडली, ती सारी कारणे २०३० साली पुन्हा एकत्र येऊ शकतात.

त्या वेळी ‘मतदान करा’ असे सांगणारे आणि ‘मतदानाने काय होते’ असे विचारणारे, दोघांनीही मुदत संपण्याच्या सहा महिने आधी महापालिकेच्या दारात एकत्र उभे राहून निवडणुकीची तारीख मागितली, तर या वेळच्या साडेतीन वर्षांतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. २०३० सालची ती नोंद आजच आपल्या वहीत करून ठेवावी.